वस्तूकडे पाठ

संग्रहालयात वस्तूकडे पाठ करून उभी राहणारी माणसं तीन. सेल्फी काढणारा, पहारेकरी आणि साहेब. पहिल्याला स्वतःचं तोंड बघायचं असतं, दुसऱ्याला तुमचे हात आणि तिसऱ्याला तुमचा चेहरा. मूर्ती शिलाहारांच्या काळातली असो की समोरच्या फुटपाथवरून काल आणलेली, साहेबाला तिच्याशी फारसं कर्तव्य नसतं. तुम्ही तिच्यासमोर किती वेळ थांबलात, भुवया वर गेल्या की जांभई आली, बायकोला हाक मारून दाखवलीत की ‘चला, पुढे चला’ म्हणालात, यावर त्याचा जीव टांगलेला असतो.

या तिसऱ्या प्रकारातला एक अस्सल नमुना नवीन पनवेलला आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. मुंबईतल्या एका मोठ्या संग्रहालयात उभी हयात काढून, ‘शिक्षण व प्रेक्षक सहभाग’ असल्या लांबलचक खात्याचे प्रमुख होऊन ते निवृत्त झाले. बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे म्युझियमकाका म्हणतात. ते नेमकं काय काम करतात हे बरीच वर्षं कुणाला धड ठाऊक नव्हतं. तळमजल्यावरच्या आजींची समजूत अशी, की हे रोज मुंबईला जाऊन पुतळे पुसतात. काकांना ते कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘‘सुरुवात तीच होती.’’

ऐंशीच्या दशकात काका नोकरीला लागले, तेव्हा प्रेक्षक हा संग्रहालयाला लागलेला उपद्रव समजला जाई. धूळ, वाळवी, दमट हवा आणि प्रेक्षक. पहिल्या तिघांवर औषध होतं, चौथ्यासाठी पाट्या होत्या. ‘हात लावू नये’, ‘काचेला टेकू नये’, ‘शांतता राखा’. काकांचं अक्षर वळणदार, त्यामुळे त्या त्यांनीच रंगवायच्या. मूर्तीशेजारी ‘उमा-महेश्वर. बेसाल्ट. शिलाहार काळ. इ.स. बारावे शतक’ एवढं लिहिलं की विद्वत्तेचं काम संपलं. बेसाल्ट म्हणजे काय, शिलाहार कोण, आणि उमा-महेश्वर एवढे खुशीत का दिसताहेत, हे विचारायची सोय नव्हती, कारण शांतता राखायची होती.

मग वारं फिरलं. वरचे साहेब परदेश पाहून आले. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पुरतं डागडुजी होऊन २००८ साली नव्यानं उघडलं, आणि राणीच्या बागेत हत्ती बघायला आलेली खेडोपाड्यांतली मंडळी जिथे पूर्वी फक्त सावलीला शिरायची, तिथे चित्रांची शिबिरं आणि मुलांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली अख्खी बसच संग्रहालय करून शाळाशाळांतून फिरवायला काढली. पुढे २०२२च्या ऑगस्टमध्ये तर जगभरच्या संग्रहालयवाल्यांनी प्रागला जमून संग्रहालयाची व्याख्याच बदलली आणि तीत लोकांचा सहभाग घातला. काकांनी ती व्याख्या छापून, लॅमिनेट करून फ्रिजवर चिकटवली आहे. दुधाचा हिशोब काकूंना आता फ्रिजच्या बाजूला लावावा लागतो.

तर वारं फिरलं आणि काकाही फिरले, ते एकशे ऐंशी अंशांत. आजवर मूर्तीकडे तोंड करून उभे राहायचे, ते आता पाठ करून उभे राहू लागले. खांबाच्या आड, हातात घड्याळ. कोण कुठे थांबतो, किती वेळ थांबतो, कुठून परत फिरतो. या तपश्चर्येतून त्यांना कळलं, की लोक दारातून आत शिरल्यावर बहुतेक उजवीकडे वळतात, तिसऱ्या दालनात त्यांचे डोळे पाणावतात ते कलेनं नव्हे तर पायांनी, आणि त्यांच्या संग्रहालयातली सर्वांत लोकप्रिय जागा कुठली म्हणाल, तर पश्चिमेची एक खिडकी. तिथे वारा लागायचा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बुद्धाला जे साधलं नाही ते त्या खिडकीला साधलं होतं. काकांनी वार्षिक अहवालात ते प्रामाणिकपणे लिहिलं. पुढच्या वर्षी वरून हुकूम आला आणि खिडकी बंद झाली.

काकांचे एक गुरू आहेत, गिलमन म्हणून. बॉस्टनच्या संग्रहालयातला हा माणूस. यानं १९१६ साली एका प्रेक्षकाचे वाकलेले, ओणवे झालेले, मान वाकडी करून कपाटात डोकावणारे फोटो छापून जगाला पटवलं, की संग्रहालयात माणूस थकतो त्यात चूक मांडणाऱ्याची असते, बघणाऱ्याची नव्हे. काकांच्या मनावर हे एवढं कोरलं गेलंय, की त्यांच्या घरात दर चार पावलांवर बसायला काहीतरी आहे. स्वयंपाकघरात बाक, बाल्कनीत बाक, पॅसेजमध्ये मोडा. दोन खोल्यांच्या घरात एवढं बसायचं, की उभं राहायला जागा नाही.

आणि उंची. भिंतीवरची गोष्ट कितीवर टांगावी याबद्दल त्यांचं मत ठाम आहे. मध्य जमिनीपासून चार फूट दहा इंचांवर, बस्स. आमच्याकडे पहिल्यांदा चहाला आले तेव्हा आजोबांच्या तसबिरीकडे बघून त्यांचा चेहरा पडला. तसबीर रीतीप्रमाणे दाराच्या चौकटीवर, छताला टेकून, पुढे झुकलेली. ‘‘अरे, हे कुणासाठी लावलंय? पालींसाठी?’’ म्हणाले, आणि चहा निवेपर्यंत आजोबा अडीच फूट खाली आले होते. आता ते बरोबर टीव्हीच्या समोर आहेत. आई म्हणते, हयातीत मालिका बघायला ‘नको’ म्हणायचे, आता सुटका नाही.

संग्रहालयाचं नेतृत्व म्हणजे काय, हा काकांचा आवडता विषय. वडाळे तलावाला सकाळी फेरी मारताना तुम्ही सापडलात तर ऐकावाच लागतो. ‘‘सगळ्यांना वाटतं, संचालक म्हणजे ताम्रपट वाचणारा. अरे, लोक दारात शिरल्यावर पहिलं काय विचारतात? गुप्तकाळ? संडास कुठाय, हे विचारतात. दुसरं, पाणी. तिसरं, बसायला कुठाय. या तिन्हींची सोय झाली की गुप्तकाळाची पाळी. मी अडीच वर्षं फायली फिरवून बायकांसाठी एक जादा संडास बांधून घेतला. माझं हेच प्रकाशित संशोधन.’’ हे सगळं ते चालत्या माणसाला थांबवून सांगतात. प्रेक्षक थांबतो कधी आणि निसटतो कधी याचा सारा अभ्यास असूनही, समोरचा चपलेनं जमीन उकरतोय हे त्यांना दिसत नाही. फुकट मिळालेल्या प्रेक्षकावर त्यांनी घड्याळ कधी लावलेलं नाही.

खरी प्रयोगशाळा त्यांना मिळाली ती लोकलमध्ये. लोकल १९९८ साली पनवेलपर्यंत आली. त्याआधीचे दिवस एसटीचे, त्यात उलटी येऊ न देणं हाच एक कार्यक्रम. लोकल मात्र इथूनच सुटते, म्हणून बसायला मिळतं. सीएसएमटीपर्यंत सव्वा तासावर वेळ, ठरलेला डबा, ठरलेली माणसं. काकांच्या भाषेत सांगायचं तर ‘बांधलेला प्रेक्षक’. मग एके दिवशी त्यांनी घरातला जुना अडकित्ता रुमालात गुंडाळून आणला. पितळी. दोन पोपट चोचीत चोच घातलेले, त्यांच्या शेपट्या लांबत जाऊन मुठी झालेल्या, पातं लोखंडाचं, आणि सांध्याच्या खिळ्याला बारीक घुंगरू, म्हणजे सुपारी कातरली की छुम वाजावं. काकांनी तो शेजाऱ्याच्या हातावर ठेवला आणि काही न बोलता खिडकीबाहेर बघू लागले. खरं तर काचेत बघत होते. मानसरोवरला दोघांनी तो वाजवून पाहिला. खारघरला एकानं खिशातून सुपारी काढली. वाशीच्या पुलावर वाद पेटला, की हा सासूनं सुनेला द्यायचा की नवऱ्यानं बायकोला. गोवंडीला उतरणारा एकजण गर्दीत तो हातात घेऊनच उतरला. काकांची रात्र तळमळत गेली. दुसऱ्या दिवशी त्या गृहस्थानं अडकित्ता परत आणून दिला, वर म्हणाला, ‘‘बोथट झाला होता हो, चांगली धार लावून आणलीय. घासूनही घेतला.’’

शंभर वर्षांचं पुट एका रात्रीत गेलं होतं. पोपट लखलखत होते. काकांच्या आतल्या संग्राहकाला मूर्च्छा आली, पण आतला सहभाग-अधिकारी त्याला हवा घालत म्हणाला, हाच तो सहभाग.

हे दोघे त्यांच्यात कायम भांडत असतात. काकूंना त्या भांडणाचा वीट आलाय. घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला पांढऱ्या रंगात बारीक क्रमांक आहे, आधी साल, मग टिंब, मग आकडा. तो नोंदवहीत आहे. नोंदवहीत ‘कसे मिळाले’ असा रकाना आहे, त्यात ‘लग्नात, मामेसासऱ्यांकडून, नाइलाजाने’ अशा नोंदी आहेत. काकू भांडी घासताना तो क्रमांक मुद्दाम जोर लावून घासतात. एकदा मला म्हणाल्या, ‘‘माझ्याच बुडाला तेवढा नंबर घातला नाही.’’ काका शांतपणे म्हणाले, ‘‘तू कर्जाऊ आहेस. मूळ संस्था तुझं माहेर.’’ यावर काकूंनी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही.

सोसायटीच्या गणपतीचं एक वर्ष त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी मंडपात बाण लावले. आत यायची वाट वेगळी, जायची वेगळी, आणि जायची वाट प्रसादाच्या टेबलावरूनच जाईल अशी. जगातली मोठी संग्रहालयं बाहेर पडायची वाट दुकानातून काढतात, तीच ही युक्ती. प्रसाद पहिल्या दिवशीच संपला आणि देणगीची पेटी भरली, सेक्रेटरी खूश. पण मूर्तीशेजारी डोळ्यांच्या उंचीवर एक कार्ड होतं: ‘श्री गणपती. शाडू माती, नैसर्गिक रंग. पेण. समकालीन.’ बायकांनी ते वाचलं आणि गदारोळ झाला. समकालीन म्हणजे काय? बाप्पा काय आत्ताचा आहे? काका समजावू लागले, की मूर्ती समकालीन, देव अनादी. ‘‘मग अनादी लिहा ना,’’ आजी म्हणाल्या. काकांनी रात्री जागून कार्ड बदललं. नव्या कार्डावर ‘काळ: अनादि-समकालीन’ असं होतं. एवढं टोकाचं काळनिर्धारण पुरातत्त्वात दुसरं झालेलं नसावं.

आता त्यांचं एकच वेड उरलंय. पनवेलला संग्रहालय हवं. यात त्यांचं चुकतं असं मला अजिबात वाटत नाही. या गावात नगरपालिका आली ती १८५२ साली. सात-आठ मैलांवर शिरढोण, जिथे १८४५ साली वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांच्या नावाचं नाट्यगृह पनवेलला आहे, पण नाटक संपलं की दिवे मालवतात. भायखळ्याचं संग्रहालय उघडलं १८७२ साली आणि त्याच वर्षी पनवेलला धूतपापेश्वराचा औषधांचा कारखाना सुरू झाला. काका म्हणतात, ‘‘मुंबईनं वस्तू टिकवायला घेतल्या, पनवेलनं माणसं. आता माणसं टिकली, वस्तू कोण बघणार?’’ आणि हत्ती. घारापुरीचा दगडी हत्ती, ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा म्हणू लागले, तो १८६४ साली विलायतेला न्यायला म्हणून उचलताना कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत पडून होते, ते १९१४ साली जोडले, आणि हत्ती तिथेच आजही उभा आहे. घारापुरी आपल्या रायगड जिल्ह्यात, तेव्हा हत्ती आपला, असं काकांचं म्हणणं. सोसायटीत कुणाचं फ्रिज टेम्पोत चढवत असले की काका खाली येऊन हमालांना १८६४ सांगतात. हमाल जास्त जपून उचलतात म्हणे.

ही मागणी घेऊन काका सगळीकडे जाऊन आले. जिथे गेले तिथे होकार मिळाला, ही त्यातली गोची. प्रत्येकानं हार घातला, प्रत्येकानं ‘लोक किती येतील?’ विचारलं आणि प्रत्येकानं त्याच दमात ‘भूमिपूजनाला किती येतील?’ असंही विचारलं. २०२४ साली लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा रांगा लागल्या होत्या. ते उदाहरण काका देतात, तर पुढारी म्हणतात, ‘‘मग आपल्याकडे काय आणू या?’’ आणायचं नाही, इथलंच मांडायचं, हे सांगेपर्यंत पुढारी पुढच्या हाराकडे वळलेला असतो.

लोक किती येतील याचं उत्तर मात्र काकांनी शोधून काढलंय, आणि ते मला त्यांचं सर्वांत थोर संशोधन वाटतं. पनवेल हे जायचं गाव, यायचं नव्हे. पुण्याला जाणारा इथून जातो, कोकणात जाणारा इथून, गोव्याला जाणारा इथून. कन्याकुमारीला जाणारा सहासष्ट क्रमांकाचा महामार्ग पनवेललाच सुरू होतो. आणि गणपतीच्या आधी दोन दिवस पळस्पे फाट्याच्या पुढे गाड्यांचं जे होतं ते ठाऊक आहेच. ‘‘अरे, विचार कर,’’ काका मला म्हणाले, तेव्हा त्यांचे डोळे चकाकत होते. ‘‘लुव्रमध्ये मोनालिसासमोर माणूस पुरतं मिनिटभरही थांबत नाही म्हणतात. इथे लाखभर माणूस चार-चार तास जागचा हलत नाही! एवढा थांबलेला प्रेक्षक जगात कुणाला मिळालाय? मुंबईवाल्यांना संग्रहालयाला चाकं लावावी लागली. आपला प्रेक्षकच चाकांवर आहे, आणि तोही ब्रेक दाबून!’’

त्यांनी नकाशा काढलाय. रस्त्याच्या कडेनं, दर पन्नास पावलांवर एक कपाट, ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर. कारची उंची वेगळी, एसटीची वेगळी, म्हणून प्रत्येक कपाटाला दोन मजले. पहिल्यात मिठागरं, दुसऱ्यात भाताची पेठ, तिसऱ्यात शिरढोण, चौथ्यात कर्नाळ्याचे पक्षी, मग चिरनेरचा १९३०चा जंगल सत्याग्रह, मग दि. बां. पाटलांच्या मागे उभे राहिलेले १९८४चे शेतकरी. मी म्हटलं, ‘‘काका, फाट्यावर बटाटेवडा मिळतो. लोक तिकडे बघतील.’’ काका गंभीर झाले. ‘‘त्याला स्पर्धा नाही म्हणायची. त्याला सहयोगी संस्था म्हणायचं.’’

रस्त्याचा प्रकल्प सध्या एका कार्यालयात पडून आहे. तोवर नमुना म्हणून काकांनी १८ मेला सोसायटीच्या हॉलमध्ये एक दिवसाचं संग्रहालय भरवलं. १८ मे हा जागतिक संग्रहालय दिन, १९७७ पासून. तो मे महिन्यात ठेवणारांना कोकणातला मे ठाऊक नसावा. निम्मी सोसायटी गावाला, उरलेली पंख्याखाली. तरी काकांनी घरोघर जाऊन वस्तू गोळा केल्या. तांब्याचा बंब, मर्फीचा रेडिओ, पाटा-वरवंटा, चावीचं एचएमटी, आवणाच्या वेळी पाठीवर घ्यायचं इरलं, आणि त्यांच्या स्वतःच्या खजिन्यातलं एक लाकडी मापटं, तोंडाला पितळेची कड. मध्यभागी काचेखाली होतं पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांचं सिडकोचं घर मिळाल्याचं पत्र, पिवळं पडलेलं. दुपारपर्यंत जे कोण बारा-पंधरा आले ते सगळे त्या पत्रापाशी थांबले, तेव्हाची किंमत वाचली, आताची मनात धरली, उसासा सोडला आणि घरी गेले. काकांच्या घड्याळात ती दिवसाची सर्वोच्च नोंद. बंबासमोर कुणी क्षणभरही रेंगाळलं नाही.

मापट्याशी बायकांची ओळख होती, पण ती एकदाच आणि पायानं. लग्न होऊन आल्यावर उंबऱ्यावर लवंडायचं ते हे, असं म्हणून दोघी-तिघी हसल्या आणि पुढे गेल्या. कार्डावर लिहिलं होतं: ‘धान्याचे माप. लाकूड, पितळ. एकोणिसावे शतक.’

तीनच्या सुमारास करवंदं विकणारी एक आगरी आजी डोक्यावरची पाटी सावरत हॉलमध्ये पाणी मागायला आली. वॉचमन हटकणार तोच काकांनी तिला आत घेतलं. पाणी, मग बाक. गिलमनच्या वचनाप्रमाणे तिला बसवून झाल्यावर काका मापट्याशेजारी, मापट्याकडे पाठ करून उभे राहिले. आजीनं पाणी प्यायलं, पदरानं तोंड पुसलं आणि मापट्याकडे बोट केलं. ‘‘ही आमचे घरान व्हती.’’

काकांच्या हातातला तांब्या डुचमळला. कुठल्या तुम्ही? कोपरच्या. कोपर म्हणजे नवी मुंबईच्या विमानतळात गेलेल्या दहा गावांपैकी एक. आता सिडकोनं दिलेल्या जागेवर घर आहे, दोन मजली आहे, माळा नाही. माळ्यावरचं सगळं घर हलवताना भंगारात गेलं. काकांनी हे मापटं भंगारवाल्याकडूनच घेतलेलं. त्यांनी वही उघडली, पेन झटकलं, आवाज कापरा झाला. ‘‘आजी, नीट बघा, हेच का ते?’’

आजीनं ते उचललं, उलटं केलं, बुडावरचा पांढरा क्रमांक नखानं खरवडून बघितला. ‘‘ना रं बाबा. आमचेला लोखंडाची कड व्हती. ही कुन्या शेटाची.’’ आणि मग, काका कार्डावरचं एकोणिसावं शतक वाचून दाखवत असताना, तिनं सांगितलं की तिच्या लग्नानंतरही कितीतरी वर्षं घरात तांदूळ यानंच मोजले. किलो-लिटरचा कायदा १९५६ सालचा, पण तो तिच्या सासूला कुणी कळवला नव्हता. मोजायचं कसं, तेही सांगितलं. शेट घ्यायला आला की मापाला शीग लावून घेणार, वर तांदळाचा डोंगर. तोच शेट दुकानात द्यायला बसला की हात फिरवून सपाट करणार, आणि धरताना अंगठा आत. ‘‘अंगठ्याएवढा भात दर मापाला. एवढ्यान त्याचा वाडा बांधला.’’ कार्डावर अंगठा कुठेच नव्हता.

‘‘अशी,’’ ती म्हणाली, आणि दाखवायला म्हणून मापटं पाटीत खुपसून करवंदांनी भरलं, वर शीग लावली, एकही फळ न सांडता.

मागून आवाज आला, ‘‘केवढ्याला हो मापटं?’’ काकू होत्या. ‘‘पन्नास.’’ ‘‘चाळीसला द्या, शीग लावून.’’ पाचव्या मिनिटाला हॉलमध्ये आमची सगळी विंग होती. पंख्याखालची माणसं उठून आली. मुलं इरलं डोक्यावर घेऊन फिरत होती, कुणीतरी रेडिओची बटणं पिळत होतं, बायका अंगठा आत घालून आणि बाहेर काढून करवंदं मोजून बघत होत्या आणि फरक किती पडतो यावर भांडत होत्या. पितळेच्या कडेवरून जांभळा रस ओघळत होता. करवंदाचा चीक लाकडात मुरला की तो जन्मात निघत नाही.

आणि त्या ऐन क्षणी काकांच्या तोंडून, इतक्या वर्षांच्या सहभागाच्या खालून, ऐंशीच्या दशकातला आवाज फुटला: ‘‘हात लावू नका!’’

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. काका क्षणभर तसेच उभे राहिले, हात वर केलेला. मग तो हात हळूच खाली आला, खिशात गेला आणि घड्याळ घेऊन बाहेर आला. नंतर वहीत मी नोंद पाहिली आहे. ‘मापटे. थांबण्याचा काळ: पाटी संपेपर्यंत.’ कार्डावरचं एकोणिसावं शतक त्यांनी त्याच रात्री खोडलं.

या सगळ्याची तक्रार व्हायचीच. दोन दिवसांनी लिफ्टशेजारच्या फळ्यावर, पार वरच्या कोपऱ्यात सेक्रेटरींची सूचना लागली. सोसायटीच्या आवारात फेरीवाल्यांस सक्त मनाई असून, सांस्कृतिक कार्यक्रमाच्या नावाखाली फळविक्री होऊ दिल्यास संबंधित सभासदास रुपये पाचशे दंड आकारण्यात येईल. सगळ्यांना वाटलं, काका भडकणार. काकांनी ती टाचा उंच करून, मान मागे टाकून वाचली, जीभ चुकचुकवली आणि वर गेले. खाली आले ते टेप, पेन्सिल आणि टाचण्या घेऊन. सूचना काढली. चार फूट दहा इंचांवर खूण करून पुन्हा लावली, सरळ. समोर घरातला एक मोडा आणून ठेवला. मग खिशातून एक छोटं कार्ड काढून सूचनेच्या उजव्या अंगाला टाचलं: ‘दंडाची सूचना. कागद, संगणकीय छपाई. नवीन पनवेल. समकालीन.’

संध्याकाळी सेक्रेटरी कामावरून आले, थबकले आणि वाचू लागले. सूचना त्यांनीच लिहिलेली, तरी मोड्यावर बसून पूर्ण वाचली, मग कार्ड वाचलं, मग परत सूचना. जिन्याच्या वळणावर, कठड्याच्या आड, काका घड्याळ लावून उभे होते. मी वर निघालो होतो, तर त्यांनी हातानंच मला थांबवलं आणि ओठांनी नुसतं म्हणाले, ‘‘दोन मिनिटं झाली. अजून बसलाय.’’